राखेचा बुधवार आणि ऑफिसचे मस्टर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या ख्रिस्ती नोकरदाराच्या धर्माची चर्चा निघाली की ती बहुधा सुट्टीपाशी सुरू होते आणि सुट्टीपाशीच संपते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, उशिरा आलो तर चालेल का, गुड फ्रायडेला बँक बंद आहे ना, नाताळच्या आदल्या संध्याकाळी लवकर सोडतील का. प्रश्न रास्तच आहेत. पण उरलेले दिवस आपण ज्या टेबलावर, काउंटरवर, वॉर्डात किंवा मशीनवर काढतो, तिथे आपल्या बाप्तिस्म्याचा पत्ता कोणाला लागतो का, यावर ना प्रवचनात काही ऐकू येते, ना मिस्सानंतर (कॅथलिकांच्या उपासनेनंतर) चर्चच्या आवारात. हे पत्र लिहिणाऱ्यांत कॅथलिक आहेत आणि प्रोटेस्टंटही. कोणी हिशेब खात्यात, कोणी रुग्णालयात, कोणी चार-सहा माणसांच्या वर्कशॉपचा मालक.

सुट्टीचे आधी उरकून टाकू. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या, आणि त्याही वर्ष सुरू होण्यापूर्वी. घोडे अडते ते इथेच. आपला माणूस मार्चमध्ये जागा होतो, तेव्हा यादी फळ्यावर लागून तीन महिने झालेले असतात. नाताळ बहुतेक याद्यांत असतोच. गुड फ्रायडे हवा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोन ओळींचा अर्ज द्यावा आणि त्यात त्या वर्षीची तारीख लिहावी, कारण हा सण दर वर्षी हलतो आणि यादी करणाऱ्याला ती तारीख पाठ नसते. याच कायद्यात 8 किरकोळ रजा आहेत. त्या तिमाहीने खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर बुडतात. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा पवित्र गुरुवार यांना सुट्टी कुठेच नसते, तेव्हा पहिल्या तिमाहीतल्या रजा जानेवारीत लग्नांना उधळून चालत नाही.

हिशेब खात्यातल्यांची अडचण निराळी. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला, गुड फ्रायडे 26 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे पवित्र आठवडा (ईस्टरपूर्वीचा) आणि मार्चअखेर एकमेकांच्या अंगावर. 2024 मध्ये तर ईस्टर नेमका 31 मार्चला आला आणि सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांच्या शाखा रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने त्या रविवारी उघड्या राहिल्या. अशा वर्षी शनिवारी रात्रीचा जागरणविधी हाच ईस्टरचा विधी समजावा. कॅथलिकांसाठी तो पुरेसा आहे, आणि एरवीच्या रविवारीही आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते. परिचारिका, कंडक्टर, हॉटेलातले कर्मचारी यांनी रविवार बुडतो म्हणून कुढत बसण्यापेक्षा हे माहीत करून घ्यावे. शिवाय अदलाबदलीचा जुना रिवाज आहेच. गणपतीच्या आणि दिवाळीच्या पाळ्या आपण घ्यायच्या, 24 डिसेंबरची रात्र आणि 25 तारीख हिंदू सहकाऱ्यांनी आपल्याला द्यायची. फक्त ही देवघेव ड्युटीच्या वहीत लिहून ठेवावी. तोंडी ठरलेली पाळी इन्चार्ज बदलला की हवेत विरते, आणि ऐन नाताळात तंटा होतो.

राखेचे म्हणाल, तर सकाळच्या मिस्सेची राख कपाळावर ठेवून लोकलमध्ये चढायचे की पुसायची, असा कोणताही नियम नाही. गंमत अशी की त्या दिवशी वाचतात ते मत्तयचे शुभवर्तमान म्हणते, उपास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दिसावे म्हणून चेहरा पाडू नका. ऑपरेशन थिएटर, स्वयंपाकघर, औषधनिर्मिती अशा ठिकाणी काम असेल तर सरळ धुऊन टाकावी. इतरांनी ठेवली आणि कोणी विचारले, “कपाळाला काय लागलंय?” तर दोन वाक्ये पुरतात: आजपासून आमचा उपवासकाळ सुरू झाला, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून ही राख करतात. तेवढ्यावर थांबावे. विचारणाऱ्याला पश्चात्तापावरचे प्रवचन नको असते, त्याला नऊ बावीसची गाडी पकडायची असते.

आता खऱ्या अडचणीच्या जागा. पहिली पूजेची. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू आणि झेंडूची माळ, 26 जानेवारीला सत्यनारायण, भाद्रपदात ऑफिसचा गणपती. मुंबईत नोकरी करायची तर हे येणारच. आमच्यात यावर एकमत नाही आणि ते होईलसे वाटतही नाही. पेंटेकोस्टल या प्रोटेस्टंट पंथातले भाऊ वर्गणीलाही नाही म्हणतात. वसईकडचे बरेच कॅथलिक मखराला हातभार लावतात. बायबलमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला सांगतो, बाजारात विकले जाते ते खा, चौकशी करत बसू नका. मात्र कोणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अरामाचा सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला विचारतो की, राजा माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या तिथल्या देवाच्या देवळात वाकतो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याचे काय? संदेष्टा त्याला एवढेच म्हणतो, शांतीने जा. नोकरी आणि श्रद्धा यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला बायबलमध्ये मिळालेले हे सर्वांत लहान उत्तर असावे.

आमचा व्यवहारातला सल्ला असा. जेवणाचा, मंडपाचा, स्पीकरचा खर्च वाटून घ्यायला हरकत नसावी, कारण तो सहकाऱ्यांच्या पंगतीचा खर्च आहे. आरतीच्या वेळी मागे शांत उभे राहावे. मोबाइल पाहू नये, तोंडही वेंगाडू नये. पाटावर यजमान म्हणून बसणे, संकल्प सोडणे, मशीनवर स्वतः नारळ फोडणे, ही मात्र पूजा करण्याची कृती झाली. ती जमणार नसेल तर आठ-पंधरा दिवस आधी आयोजकाला एकट्याला गाठून सांगावे. बिघडते ते नेमके इथे. माणूस भिडेपोटी गप्प राहतो, पूजेच्या दिवशी पाट मांडून होतो, नाव पुकारले जाते आणि मग सगळ्यांसमोर नकार येतो. त्या नकाराचा अर्थ धर्म न राहता अपमान होतो. प्रसादाचेही तसेच. घ्यायचा तर उजव्या हाताने घ्यावा आणि खावा. घ्यायचा नसेल तर हात जोडून “नको” म्हणावे. घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलेला आणि संध्याकाळी सफाईवाल्या मावशींना डस्टबिनमध्ये सापडलेला शिरा हे सगळ्यांत वाईट.

यात आपलीही परतफेड असते, आणि ती बहुतेक वेळा निष्काळजीपणे होते. नाताळचा केक ऑफिसात नेताना त्यात अंडे आहे, सुकामेवा रममध्ये भिजवलेला आहे, मार्झिपानमध्ये अंड्याचे पांढरे आहे, हे डब्यावर मराठीत चिठ्ठी लावून लिहावे. बिनअंड्याचा केक वेगळ्या डब्यात, वेगळ्या सुरीसकट. जैन सहकाऱ्याला “खा हो, काही होत नाही” असे म्हणणारा माणूस दसऱ्याला आपल्या विवेकाची बूज राखली जावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करतो?

दुसरी जागा मस्टरची आणि बिलांची. इथे कोणी आपल्याला देवळात वाकायला सांगत नाही, म्हणून ही जागा अधिक घसरडी. मित्राचे कार्ड पंच करणे, रेल्वेने जाऊन टॅक्सीचे भाडे लावणे, औषधांच्या दुकानातून कोरे बिल आणणे, घरच्या फेरीला ऑफिसचा दौरा दाखवणे. आणि “गाडी लेट होती” हे तर मुंबईत दररोज सर्वाधिक उच्चारले जाणारे असत्य असेल. आता साहेबही मोबाइलवर गाडी पाहतात, तरी ते टिकून आहे. बायबलमधल्या बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. येशूला भेटलेला जकातदार जक्कय एक पाऊल पुढे गेला आणि लुबाडलेले चौपट परत करतो म्हणाला.

चौपट जाऊ द्या, एकपट परत करायची रीत तरी माहीत हवी. पापनिवेदनात सांगितले आणि तेवढी रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकली, असे अनेकांना पुरेसे वाटते. ते पुरेसे नाही. ज्याचे घेतले त्याला परत करायचे, ही चर्चची जुनी शिकवण आहे. तो सापडतच नसेल तरच गोरगरिबांना. कंपनी तर सापडते, रोज सकाळी आपण तिथेच जातो. हिशेब खात्याला एक साधे पत्र द्यावे: अमुक महिन्यांत प्रवासखर्चापोटी अमुक रक्कम जादा उचलली गेली आहे, ती पुढच्या पगारातून वळती करावी. रक्कम नेमकी काढून द्यावी. “जे काही असेल ते” असे लिहिले तर हिशेबनीसाला नोंदच करता येत नाही. आकडा मोठा असेल, किंवा त्यात दुसऱ्यांचीही नावे गुंतली असतील, तर पत्रापूर्वी वकिलाला विचारावे. पश्चात्ताप आणि कबुलीजबाब यांत कायदा फरक करतो, आणि शिस्तभंगाची कारवाई झाली तर तीही परतफेडीचा भाग म्हणून सोसावी लागते. हे न सांगता नुसतेच “प्रामाणिक राहा” म्हणणारे प्रवचन आम्हाला पोकळ वाटते.

लाचेबद्दल मोघम बोलणे तर धोक्याचेच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. ज्या कनिष्ठ माणसाला साहेब पाकीट घेऊन परवान्याच्या कार्यालयात पाठवतात, त्याला ही कलमे माहीत असणे म्हणजे निम्मी सुटका, कारण “माझा धर्म परवानगी देत नाही” यापेक्षा “सर, यात आपण दोघेही आत जाऊ” हे वाक्य लवकर समजते. धर्म त्यामागे असतोच, पुढे मिरवायलाच हवा असे नाही. पर्यायही हातात असावा. अर्ज दिल्याची पोच, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित असेल तर तिची मुदत पाहावी, मुदत टळली की पहिले अपील. फाइल कुठे अडली हे कळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तराला तीस दिवस. काम उशिरा होते, हे खरे. तो उशीर आधीच गृहीत धरून साहेबांना तारीख द्यावी. परवाना संपायला चार दिवस असताना प्रामाणिकपणा सुचला तर पाकिटाशिवाय वाट उरत नाही, आणि मग तत्त्वाचा गळा घोटल्याचे खापर व्यवस्थेवर फोडता येते.

प्रार्थनेविषयी थोडक्यात. जपमाळेचे पाच दशक (दहा-दहा प्रार्थनांचे गट) वीस मिनिटांत होतात. अंधेरी ते चर्चगेट प्रवासात ते निवांत बसतात. (चर्चगेट हे नावच मुळी किल्ल्याच्या सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या दरवाजाचे; ते चर्च 1718 पासून फोर्टमध्ये उभे आहे, आणि त्याच्या आसपासच्या ऑफिसांतल्या किती जणांनी आत पाऊल टाकले असेल कोण जाणे.) ऑफिसात प्रार्थनागट चालवायचा तर जेवणाच्या सुट्टीत, खोलीची लेखी परवानगी काढून, वीस मिनिटांत, ऑफिसचा प्रिंटर न वापरता. दुसऱ्या धर्माच्या गटाने तीच खोली मागितली तर आपणच त्यांची शिफारस करावी. आजारी सहकाऱ्याला “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” असे एकदा विचारावे, दुसऱ्यांदा नाही. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वचने टाकू नयेत.

एक बंधन मात्र कडक हवे. साहेबाने हाताखालच्या माणसाला प्रार्थनासभेचे आमंत्रण देऊ नये. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, हे खरे. पण ज्याची बढती आपल्या सहीवर अडली आहे, त्याला “नाही” म्हणण्याचे मोल पडते; आणि ज्या “हो”मागे वेतनवाढ आहे, तो विश्वास नव्हे. हेच भरतीला लागू. “आपल्या पॅरिशचा पोरगा आहे” ही ओळख शहरात पुष्कळ चालते. मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजाचे ईस्ट इंडियन हे नावदेखील 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कामधंद्यासाठी आलेल्या गोवेकर आणि मंगळूरकर ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे जुने नोकर, हे दाखवण्यासाठी घेतले गेले. तेव्हा नोकरीसाठी ओळख वापरण्याची सवय काही कालची नव्हे. धर्मगुरूंनी शिफारसपत्र द्यायचे तर त्यात स्वतःला ठाऊक तेवढेच लिहावे: किती वर्षे ओळखतो, कोणत्या कामात पाहिले. “अत्यंत प्रामाणिक व होतकरू” हे शिक्क्यासारखे प्रत्येक पत्रावर उमटू लागले की खऱ्या होतकरूचे पत्रही केराच्या टोपलीत जाते.

आता मालकांकडे. यांच्याविषयी चर्चमध्ये सर्वांत कमी बोलले जाते, कारण सणाची मोठी देणगी बहुधा तिथूनच येते. लेवीयच्या ग्रंथात आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. आजच्या भाषेत याचा अर्थ: महिन्याचा पगार पुढच्या सात तारखेच्या आत. भविष्यनिर्वाह निधीची कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम आणि मालकाचा हिस्सा पंधरा तारखेच्या आत भरणे. कापून न भरणे ही उधारी नसते, ती सरळ चोरी असते. कामगाराने पासबुक ऑनलाइन उघडून दर महिन्याची नोंद तपासावी. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेल्या माणसाला संध्याकाळी निघण्यापूर्वी रोख किंवा मोबाइलवर पैसे. दुपारी पाऊस आला आणि काम थांबले तर अर्धा रोज कापण्याआधी मत्तयचा विसावा अध्याय उघडावा. त्यातली माणसे मुंबईच्या कोणत्याही नाक्यावरच्या माणसांसारखीच बाजारात उभी आहेत. आम्हाला कोणी कामावर लावले नाही, असे सांगतात. आणि शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा रोज मिळतो, कारण त्याच्या घरची चूल अर्धी पेटत नाही.

मग घरची मोलकरीण. स्वतःच्या ऑफिसात रविवारवर हक्क सांगणाऱ्या कित्येक ख्रिस्ती घरांत तिला आठवड्याची सुट्टीच नसते. नाताळच्या दुपारी वीस पानांची भांडी तीच घासते. सुट्टीचा वार तिच्याशी ठरवून कॅलेंडरवर लिहावा, आणि महिन्याच्या चार सुट्ट्यांचा पगार कापू नये.

आणि चर्च स्वतः. घंटा वाजवणारा, आवार झाडणारी, दफनभूमीत खड्डा खणणारा, शाळेतले कंत्राटी शिक्षक, कंत्राटदारामार्फत आलेले पहारेकरी. हे सगळे कोणाचे तरी नोकर आहेत. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेचा 1286 वा नियम स्पष्ट सांगतो की, मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी देशाचे कामगार कायदे काटेकोर पाळावेत आणि काम करणाऱ्यांना न्याय्य वेतन द्यावे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, एक सदस्य बाहेरचा हवा आणि सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली हवीत. तक्रारीची मुदत तीन महिने आहे. नावेच कळली नाहीत तर ती फुकट जाते.

प्रत्येक कॅथलिक धर्मग्रामाला (पॅरिशला) वित्त समिती असते आणि वर्षाचा हिशेब वाचला जातो. त्यात दानपेटी, सणाची वर्गणी, छपराची दुरुस्ती, स्पीकरचा खर्च असे सगळे येते. या वर्षी त्यात आणखी तीन ओळी याव्यात: चर्चच्या आवारात एकूण किती माणसे कामाला आहेत, त्यांना पगार कोणत्या तारखेला मिळाला, आणि भविष्यनिर्वाह निधीची शेवटची रक्कम कधी भरली. सभेत हे विचारायला हात वर करावा लागतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या वार्षिक सभेतही हाच प्रश्न पाळकांसमोर कोषाध्यक्षांना विचारता येतो.

आपले,
मुंबई-वसईतील काही ख्रिस्ती नोकरदार व व्यावसायिक